चमचे वाकवणारा कर्नल

‘चमचे वाकवणाऱ्या माणसाचं शस्त्रांबद्दल काय ऐकायचं?’ हा जॉन अलेक्झांडर या निवृत्त अमेरिकन कर्नलबद्दल मारला जाणारा शेरा गमतीदार आहे, पण अर्धवट. नुसत्या मनोशक्तीने चमचे वाकवण्याचं खरंच आहे. अमेरिकन लष्कराच्या गुप्तचर विभागात जनरल स्टबलबाइनच्या हाताखाली असताना तसल्या बैठका व्हायच्या, आणि १९८० मध्ये ‘मिलिटरी रिव्ह्यू’ या लष्करी नियतकालिकात त्याने मनोशक्तीच्या युद्धावर लेखही लिहिला होता. तो लेख मलाही पटत नाही.

पण हाच गडी व्हिएतनाममध्ये स्पेशल फोर्सेसमध्ये होता, आणि १९८८ मध्ये निवृत्त झाल्यावर लॉस अलामॉसच्या सरकारी संशोधन प्रयोगशाळेत जीव न घेणाऱ्या शस्त्रांवर काम करू लागला. ते खूळ नव्हतं. १९९५ मध्ये सोमालियातून संयुक्त राष्ट्रांची फौज बाहेर काढताना अमेरिकन मरीन सैनिकांनी चिकट फेस सोबत नेला होता. पाठीवर टाकी, हातात नळी. फवारा बसला की माणूस जागच्या जागी चिकटलाच. अडचण अशी की तो नाकातोंडावर बसला तर गुदमरून जीव जायचा, आणि चिकटलेल्याला सोडवणं म्हणजे वेगळाच घोळ. (म्हणूनच अशा शस्त्रांना ‘अहिंसक’ म्हणायची घाई नको!)

उडत्या तबकड्यांबद्दल मात्र त्याचं म्हणणं दोन्ही बाजूंना झोंबतं. काही घटना खऱ्या आहेत, पण सरकार काही मोठं गुपित दडवून बसलेलं नाही, असं तो म्हणतो. त्यामुळे भाविकही चिडतात नि संशयवादीही. मला तो तिथेच जरा विश्वासार्ह वाटतो. चमचे सोडून.