गुरेळ्ळू म्हणजे आपलं कारळंच

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पोरांना दुसऱ्याच्या डब्यातलं चाखायला मिळत नाही, म्हणून ती खाण्यात हट्टी होतात, असं म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटला. डबा नाही हे खरंय. पण आमच्याकडे (बेळगाव, दोन्ही पोरं शाळेविना) दर शनिवारी एकानं घरात कुणी न खाल्लेलं काहीतरी आणायचं आणि बाकीच्यांनी एक घास तरी घ्यायचा. तोंड वाकडं करायची मुभा आहे. ती सगळ्यात जास्त पोरांच्या बाबांनीच वापरली!

मागं धाकटीनं जोळद रोट्टीसोबत (म्हणजे ज्वारीची भाकरी) गुरेळ्ळू चटणी आणली. पुडीवरची कन्नड अक्षरं बोट ठेवून लावली, चाटून बघितली आणि ओरडली, "आई, ही तर आजीची कारळ्याची चटणी!" दुकानातल्या अक्कांनी सांगितलेलं, एळ्ळू म्हणजे तीळ. मग ताटलीत तीळ आणि कारळं शेजारी मांडून तुलना. कारळं काळं, लांबुळकं; आणि शोधल्यावर ते तिळाच्या नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं निघालं. हे मलाही ठाऊक नव्हतं.

मांडेही करून बघितले, ते मात्र घरी जमले नाहीत. उपड्या कढईवर टाकेपर्यंत तीनदा फाटले. शेवटी तुकडेच भाजून दुधात कुस्करले.