थंडीत नॉक्स वाढतो, कमी लोडवर सीओ उसळतो: आधी काय तपासावं?

शिफ्ट_बी
नॅचरल गॅसवरचं गॅस टर्बाइन मशीन, डीएलएन कम्बस्टर (हवा-इंधन आधी मिसळून नॉक्स कमी ठेवणारा ज्वलनकक्ष). बेस लोडला (पूर्ण भाराला) पावसाळ्यात नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) १८ पीपीएम होता, आता जानेवारीत पहाटे २३. रात्री लोड ५५ टक्क्यांवर आणला की नॉक्सचा कच्चा आकडा उतरतो, पण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ८ वरून १५० च्या पुढे जातो. सरळ ट्यूनिंग (इंधनाच्या वाटपाची जुळवणी) करायचं का?

धुराडं
थांबा. कच्चे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळणार नाही. कोरड्या वायूवर, १५ टक्के ऑक्सिजनला आणा: मोजलेलं पीपीएम गुणिले ५.९, भागिले (२०.९ वजा मोजलेला ऑक्सिजन). ऑक्सिजन १४.२ असताना २२ चे १९.४ होतात, कमी लोडला तो १६ झाला तर १८ चे २१.७. म्हणजे उतरलेला नॉक्स खरं तर चढलेला असतो!

सॅम्पल लाइन (ॲनालायझरकडे वायू नेणारी नळी) गरम आहे ना? थंड पडली की पाणी सुटतं, एनओ२ (नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड) त्यात विरघळतो आणि ॲनालायझर कमी दाखवतो. कमी लोडवर एनओ२ चा वाटा जास्त, म्हणून चूकही तिथेच मोठी. चिमणीवर पिवळट झाक आणि आकडा मात्र छान, असं असेल तर ॲनालायझरचा कन्व्हर्टर (एनओ२ चं एनओ करणारा भाग) बघा.

कम्प्रेसरवाला
जानेवारीच्या वाढीत हवेतल्या ओलाव्याचा मोठा हात असतो. वाफ ज्योतीची उष्णता खाते, आणि साधारण १८०० केल्विनच्या वर नॉक्स तापमानासोबत झपाट्याने वाढतो. अमेरिकेच्या ईपीएच्या (पर्यावरण संस्थेच्या) जुन्या सूत्रात ओलाव्याचा घातांकातला गुणक १९ आहे. किलोभर कोरड्या हवेत पावसाळ्यात २० ग्रॅम आणि थंडीत ५ ग्रॅम पाणी धरलं, तर एवढ्यानेच सुमारे ३३ टक्के फरक पडतो. सूत्र डिफ्यूजन ज्योतीचं (हवा-इंधन जळतानाच मिसळतात त्या ज्योतीचं) आहे, डीएलएनला जसंच्या तसं लावू नका. दिशा मात्र तीच. गॅसचा स्रोत बदललाय का, तेही विचारा. मॉडिफाइड वोबे इंडेक्स (गॅसच्या उष्णता देण्याच्या क्षमतेचा, तापमान धरून काढलेला आकडा) ५ टक्क्यांहून जास्त सरकला की जुनं ट्यूनिंग निकामी.

सीओची भानगड उलटी. ज्योत थंड पडली किंवा लायनरच्या (कम्बस्टरच्या आतल्या भिंतीच्या) कूलिंग हवेत विझली की सीओचा सीओ२ व्हायला वेळच मिळत नाही. कमी लोडला आयजीव्ही (कम्प्रेसरच्या तोंडाची, हवा कमी-जास्त करणारी पाती) पुरेसे मिटले नाहीत तर हवा जास्त, मिश्रण पातळ. स्क्रीनवरच्या कोनावर विसंबू नका. मशीन बंद असताना चार-सहा पात्यांवर कोनमापक लावून मोजा. इनलेट ब्लीड हीट (कम्प्रेसरची गरम हवा परत तोंडाशी सोडणारी व्यवस्था) खरंच उघडतेय का, हेही बघा. पायलट गॅस (ज्योत टिकवणारा वेगळा इंधनाचा वाटा) वाढवून सीओ दाबता येतो, पण नॉक्स वर जातो. फार कमी केला तर कम्बस्टर गुरगुरतो, नाहीतर ज्योत विझते.

शिफ्ट_बी
एक्झॉस्ट स्प्रेड (बाहेर पडणाऱ्या वायूच्या थर्मोकपलांमधला, म्हणजे तापमापकांमधला, फरक) ५५ टक्के लोडला ३८ अंश, बेसला १९.

धुराडं
मग सरासरी तुम्हाला फसवतेय. एखादा बर्नर पातळ (कमी इंधनावर) चालला की सीओ तो एकटाच ओततो. दुसरा गडद (जास्त इंधनावर) असेल तर नॉक्स त्याचा. थंड थर्मोकपलच्या समोरचाच कॅन (कम्बस्टरचा एक सुटा डबा) दोषी धरू नका. वायू टर्बाइनमधून फिरत येतो आणि ही फिरकी लोडनुसार बदलते, त्यामुळे स्वर्ल चार्टवरून (कोणत्या लोडला वायू किती फिरतो त्याच्या तक्त्यावरून) मागे जा. थंड ठिपका लोडसोबत सरकला तर कॅन शोधा, त्याचं फ्यूएल नोझल काढून फ्लो टेस्ट करा. जागचा हलला नाही तर आधी थर्मोकपलच बदलून बघा. ट्यूनिंग त्यानंतर.