मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातील स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात) पुण्यातून दावा चालवता येईल का?

सांता क्लारा काउंटीतील भाड्याचे घर सोडून मी पुण्यात परतलो आहे. घर सोडल्यापासून 21 दिवसांत डिपॉझिट परत करणे किंवा कपातीचा तपशील लेखी कळवणे तेथील कायद्याने बंधनकारक असूनही घरमालकाने 3,200 डॉलरपैकी काहीही दिलेले नाही आणि तपशीलही पाठवलेला नाही. ईमेल व रजिस्टर्ड पत्राने मागणी करून झाली असून लेखी करार, बँकेच्या नोंदी आणि घर सोडतानाची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

व्यक्तीसाठी या कोर्टाची मर्यादा 12,500 डॉलर आहे, त्यामुळे दुर्भावनेने रक्कम अडवल्यास मागता येणारी डिपॉझिटच्या दुपटीपर्यंतची जादा भरपाई धरूनही दावा त्यात बसतो. तेथे वकील उभा करता येत नाही आणि निकाल विरुद्ध गेल्यास वादीला अपिलाचा अधिकार नसतो. म्हणूनच ही एकमेव संधी मला नीट तयारीने वापरायची आहे.

घरमालक आता टेक्सासमध्ये राहतात. दावा कॅलिफोर्नियातील मिळकतीसंबंधी असल्यास परराज्यातील मालकावरही नोटीस बजावता येते, असे वाचले आहे. ही बजावणी वादीला स्वतः करता येत नाही, हे माहीत आहे.

भारतातून असा दावा प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया सांगावे: सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी कशी मिळवली, टेक्सासमधील बजावणी कोणाकडून करून घेतली, आणि निकाल बाजूने लागल्यावर दुसऱ्या राज्यातील माणसाकडून रक्कम वसूल कशी केली?