विषय: बिअरचं सामान कोकणात आणावं का?

प्रेषक: न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
येत्या मेमध्ये आम्ही दोघं मालवणजवळच्या घरी कायमचे राहायला जातोय. गेली दहा वर्षं मी गॅरेजमध्ये घरची बिअर करतो. ३८ लिटरचं स्टीलचं पातेलं, १२० व्होल्टचा पंप, १९ लिटरचे दोन कॉर्नी केग (वायूचा दाब सोसणारे स्टीलचे बंद डबे) आणि कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर एवढं सामान आहे. तिकडे मांडणी कशी करावी? त्या उकाड्यात यीस्टला १८-२० अंश कसे मिळणार?

प्रेषक: गुहागर

दादा, कंटेनर बंद व्हायच्या आत हे वाचा.

अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यामुळे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते. इथे तसं नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६५ खाली विनापरवाना मद्य करणं गुन्हा आहेच, त्यासाठी भांडी-उपकरणं बाळगणंही गुन्हा आहे. तेव्हा यीस्टच्या तापमानाचा प्रश्नच मिटला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या छंदामागची मेहनत मी तिकडे असताना जवळून पाहिली आहे.

पंप तिकडेच कुणाला देऊन टाका, इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पातेलं पाहुण्यांच्या भाताला येईल. केग आणि रेग्युलेटर मात्र नक्की आणा. त्यावर कोकम सोडा होतो, आणि तो इतका सुरेख होतो की उन्हाळ्यात आमच्या ओटीवर रोज माणसं असतात.

पहिल्या वर्षी मी पाण्यात सरबत मिसळूनच केग भरला. फेस आवरेना, सालीचे बारीक तुकडे नळीच्या तोंडाशी अडकले, जिऱ्याच्या पुडीने व्हॉल्व्ह तुंबला, पारदर्शक नळी लाल झाली ती झालीच. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर केगमध्ये कधीच घालू नका. त्यात मीठ असतं आणि मीठ स्टीलला बारीक भोकं पाडतं. आता मी केगमध्ये नुसतं गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी भरते, वर थोडी जागा ठेवते आणि अमृत कोकम, म्हणजे साखर घालून उन्हात मुरवलेला सालींचा पाक, थेट पेल्यात घालते. जिरंही पेल्यातच.

बिअरला तुम्ही १२ पीएसआयच्या (रेग्युलेटरवरचं दाबाचं माप) आसपास दाब ठेवत असाल. सोड्याला ३० लागतो, आणि पाणी ४ अंशांपर्यंत गार हवं, कोमट पाण्यात वायू टिकत नाही. दाब वाढला की बिअरची तीन मीटरची नळी पुरत नाही, नुसता फेस येतो. तीच ५ मिलिमीटरची नळी सात-आठ मीटर घ्या आणि केगभोवती गुंडाळून फ्रिजमध्येच ठेवा.

प्रेषक: न्यू जर्सी

काकू, कायद्याचं खरंच ठाऊक नव्हतं, बरं झालं विचारलं. जुन्या केगना बिअरचा वास आहे, तो जाईल का? सिलिंडर तिकडे मिळतो ना?

प्रेषक: गुहागर

वास रबराच्या चकत्यांत बसतो. स्टील कितीही घासलंत तरी त्या बदलल्याशिवाय जात नाही. नव्या चकत्यांचे दोन संच तिकडूनच आणा.

सिलिंडर इथेच घ्या, गॅस भरणारे रत्नागिरीत आहेत. मात्र अमेरिकन रेग्युलेटरचे आटे इथल्या सिलिंडरच्या तोंडाला बसत नाहीत, अडॅप्टर करून घ्यावा लागतो. माझा एका कारागिराने दोनदा चुकीचा कातला, म्हणून नमुना हातात घेऊनच जा. सिलिंडर फळीवर उभा, बांधून ठेवा, खाऱ्या हवेत बूड पहिलं गंजतं. आणि बंद खोलीत ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि त्याला वास नसतो. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर वेळी बघायचं.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मेअखेरपर्यंतच हाताला लागतात, पाऊस सुरू झाला की बरणीला ऊन मिळत नाही. तुमचं सामान लागेतो उशीर होईल. दोन किलो सालींना चार किलो साखर घालून एक बरणी तुमच्या नावाने गच्चीवर ठेवते.