सक्शन क्लीनर एकाच वर्तुळात फिरतो आणि मधूनच पंप हवा धरतो : काय करावे?

प्रश्न — नितळपाणी

नमस्कार. आमच्याकडे जमिनीवर उभारलेला गोल जलतरण तलाव आहे. त्याचा व्यास ७.३ मीटर, पाण्याची खोली सुमारे १.२ मीटर, भिंत पत्र्याची आणि आत व्हिनाइलचे लायनर (पाणी धरून ठेवणारे प्लास्टिकचे अस्तर) आहे. हिशेबाने त्यात ५०,००० लिटरच्या आसपास पाणी मावते. एक अश्वशक्तीचा पंप आणि वाळूचा फिल्टर आहे. तळाला वेगळा निचरा नसल्यामुळे पंपाकडे जाणारे सगळे पाणी भिंतीतल्या एकाच स्किमरमधून, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी आत घेणाऱ्या तोंडातून, जाते.

तळाचा गाळ मी आजवर लांब दांड्याच्या व्हॅक्यूम हेडने हातानेच काढत आलो. अलीकडे स्किमरला जोडून चालणारा, आत रबरी पडदा असलेला स्वयंचलित सक्शन क्लीनर घेतला. त्याच्यासोबत एकेक मीटरचे नळीचे दहा तुकडे आले होते आणि ते सगळे जोडले आहेत. क्लीनर चालतो, पण तळाच्या एका भागात ठरावीक वर्तुळात फिरत राहतो आणि बाकीचा तळ तसाच राहतो. भिंतीजवळच्या उतारावर आला की कधीकधी थेट भिंतीवर चढतो आणि पाण्याबाहेर तोंड काढतो. मग पंप हवा धरतो आणि आवाज बदलतो. एरवीही परतीच्या तोंडातून, म्हणजे गाळलेले पाणी जिथून तलावात परत येते तिथून, अधूनमधून बुडबुडे येताना दिसतात. शिडीच्या पायाशी तर तो हमखास अडकतो.

ओढ कमी पडत असावी, तेव्हा मोठा पंप बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का, आणि हा क्लीनर दिवसभर जोडून ठेवला तर चालेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद — वाळूचाफिल्टर

मोठा पंप घेऊ नये, हे आधी सांगतो. भिंतीवर चढणारा क्लीनर ओढ जास्त असल्याची खूण आहे, कमी असल्याची नव्हे. शिवाय वाळूच्या फिल्टरमधून ठरावीक वेगापेक्षा जोरात पाणी ढकलले, तर वाळूत अडकायला हवा तो बारीक गाळ वाळू ओलांडून पुन्हा तलावात येतो, म्हणजे तळ झाडायचा आणि तीच धूळ परतीच्या तोंडातून पसरवायची असे होऊन बसते.

या क्लीनरला स्वतःची मोटर नसते. पंप जे पाणी ओढतो, त्या प्रवाहावरच तो सरकतो, त्यामुळे त्याच्या वागण्यातला जवळजवळ प्रत्येक दोष पंप, स्किमर, नळी आणि फिल्टर या वाटेवर कुठेतरी शोधावा लागतो. जमिनीत बांधलेल्या तलावात तळाचा निचरा आणि स्किमर अशा दोन वाटा असतात व झडपेने ओढ त्यांत वाटून देता येते. आपल्याकडे वाट एकच आहे. क्लीनर जोडला की पंपाचे सगळे पाणी त्याच्या अरुंद गळ्यातून जाते. तिथे एखादे मोठे पान अडकले, तर पंप उपाशी राहतो. म्हणून स्किमरच्या टोपलीवर बसणारी व्हॅक्यूम प्लेट घेताना जादा ओढ बाजूला सोडणारी झडप असलेलीच घ्यावी. बऱ्याच क्लीनरसोबत ओढ मोजण्याचे साधे मापक येते. क्लीनरच्या जागी ते लावून काटा सांगितलेल्या पट्ट्यात येईपर्यंत ती झडप फिरवावी. डोळ्यांच्या अंदाजाने हे करू नये, कारण फिल्टर नुकताच धुतलेला असताना आणि गाळाने भरलेला असताना ओढीत बराच फरक पडतो. फिल्टरचा दाब स्वच्छ स्थितीतील आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (दाबाचे एकक) वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून वाळू धुवावी, आणि ओढ नेहमी बॅकवॉशनंतरच जुळवावी.

आता बुडबुड्यांविषयी. पंपाच्या पुढच्या बाजूला गळती असेल, तर पाणी बाहेर येते आणि ते दिसते. पंपाच्या मागच्या, म्हणजे ओढीच्या बाजूला गळती असेल, तर हवा आत जाते आणि ती फक्त परतीच्या तोंडाशी बुडबुड्यांच्या रूपात दिसते. आपल्याकडे बुडबुडे क्लीनर तळाशी असतानाही येतात, त्याअर्थी दोष ओढीच्या बाजूलाच आहे. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे ना, हे प्रथम पाहावे. त्यानंतर पंपाच्या पारदर्शक झाकणाची ओ-रिंग काढून, पुसून, चिरा तपासून तिला सिलिकॉन ग्रीस लावावे; पेट्रोलियमपासून बनलेले ग्रीस रबर फुगवते, म्हणून ते वापरू नये. मग पंप चालू ठेवून झाकणावर आणि पंपाकडे येणाऱ्या प्रत्येक जोडावर हळूहळू पाणी ओतावे. ज्या जोडावर पाणी ओतताच बुडबुडे थांबतात, तोच जोड हवा घेतो आहे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. क्लीनरची नळी काढली की बुडबुडे थांबतात, म्हणून नळीच फाटली आहे, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. पण क्लीनर लागलेला असताना पंपाला जास्त जोर लावून ओढावे लागते व ओढीच्या बाजूचा दाब आणखी खाली जातो, त्यामुळे एरवी गप्प असलेली झाकणाची बारीक फटही तेवढ्यापुरती हवा घेऊ लागते. नळीचा जो भाग पाण्यात पूर्ण बुडालेला आहे, तो फाटला तरी पाणीच ओढेल. हवा घेऊ शकतो तो पृष्ठभागावर तरंगणारा भाग. म्हणून नळी बदलण्यापूर्वी झाकण तपासावे.

नळी जोडण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. क्लीनर पाण्यात सोडून तळाला बसू द्यावा आणि नळी उभी धरून तुकड्या-तुकड्याने खाली न्यावी. तिचे मोकळे टोक परतीच्या तोंडासमोर धरले की आतली हवा क्लीनरच्या बाजूने बुडबुड्यांत बाहेर पडते. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवावे. त्यानंतर पंप बंद करून, टोक पाण्याबाहेर येऊ न देता, ते स्किमरच्या तोंडातून आत घ्यावे व प्लेटला बसवावे. पंप चालू असताना प्लेट बसवायला गेल्यास ती झटक्यात ओढली जाते आणि बोटे सापडतात. नळीत राहिलेली हवा पंपापर्यंत पोहोचली, तर पाणी आपोआप न खेचणारा पंप कोरडा फिरत राहतो आणि त्याचे सील जळते.

प्रतिसाद — तळरेषा

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. वर्तुळाच्या तक्रारीचे कारण मात्र मला नळीच्या लांबीत दिसते. नळी स्किमरपासून तलावाच्या सर्वात दूरच्या काठापर्यंत पोहोचून वर साधारण एक मीटर उरेल एवढीच असावी. आपल्या तलावात ते अंतर ७.३ मीटर आहे, म्हणजे आठ तुकडे पुरेत, फार तर नऊ. दहा मीटरची नळी स्वतःभोवतीच वळसा घेते आणि क्लीनरला त्या वळशातच फिरवते. नळीला गुंडाळून ठेवल्यामुळे बाक आला असेल, तर तिचे तुकडे वेगळे करून उन्हात सरळ पसरून ठेवावेत. उष्णतेने ते बरेच सरळ होतात. यापुढेही ती गुंडाळून न ठेवता तुकडे सुटे करून आडवे ठेवावेत.

दुसरे कारण परतीच्या तोंडाचे आहे. गोल तलावात पाणी फिरते राहावे म्हणून ते बहुधा एका बाजूला तिरपे ठेवलेले असते आणि तो फेर तरंगत्या नळीला आपल्याबरोबर नेतो. क्लीनर चालू असताना परतीच्या तोंडाचा फिरवता येणारा डोळा खाली वळवून पाहावा. एवढ्याने क्लीनरची चाल किती बदलते, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

भिंतीच्या पायथ्याशी जो उतार आहे, तो लायनरच्या खाली वाळू किंवा फोम भरून मुद्दाम केलेला असतो, कारण पाण्याच्या भाराने लायनर भिंतीच्या खालून बाहेर ढकलले जाऊ नये. तो काढण्याचा किंवा सपाट करण्याचा विचार चुकूनही करू नये. क्लीनर त्यावर चढतो तो त्याला भिंत आणि उतार यांतला फरक जाणवत नाही म्हणून. ओढ कमी केल्यावरही चढत असेल, तर नळीवर सरकवायचे वजन क्लीनरच्या तोंडाच्या थोडे जवळ आणावे. फार जवळ आणल्यास तोंड तळाला दाबले जाते आणि सरकतच नाही, म्हणून ते थोडे थोडे हलवून पाहावे. क्लीनर खरोखर जमिनीवरच्या तलावासाठी बनवलेला आहे ना, हेही तपासावे. जमिनीतल्या तलावांचे क्लीनर भिंती चढण्यासाठीच घडवलेले असतात आणि त्यांना प्रवाहही जास्त लागतो.

लायनरची काळजी मला अधिक वाटते. त्याची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. क्लीनरच्या तळाचा पट्टा झिजून खरखरीत झाला, की तो त्याच त्या जागी घासून लायनर पातळ करतो, म्हणून दर काही आठवड्यांनी क्लीनर उलटा करून त्यावर हात फिरवावा आणि कडा टोकदार लागल्या तर पट्टा बदलावा. लायनरला घड्या असतील, तर क्लीनर तिथे अडकतो आणि ओढीने घडी तोंडात घेतो. अशा घडीवर त्याला तासन्‌तास तसाच अडकून राहू देऊ नये. शिडी मात्र सरळ बाहेर काढून ठेवावी. दुसरा भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

नितळपाणी

दोघांचेही मनापासून आभार. नळी आठ तुकड्यांवर आणली आणि परतीचे तोंड खाली वळवले, त्याबरोबर क्लीनर समोरच्या काठापर्यंत जाऊ लागला. झाकणावर पाणी ओतताच बुडबुडे थांबले, म्हणजे ओ-रिंगच हवा घेत होती. ती साफ करून ग्रीस लावल्यापासून परतीचे पाणी नितळ येत आहे. ओढ कमी केल्यावर भिंतीवर चढणेही थांबले. दिवसभर जोडून ठेवण्याविषयी मात्र अजून शंका आहे. आणखी एक विचारतो : स्किमरच्या टोपलीत क्लोरिनच्या गोळ्या ठेवण्याची आमची जुनी सवय आहे, ती चालू ठेवावी का?

प्रतिसाद — स्वच्छकाठ

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि दुसऱ्याचे अधिक.

पाण्यात सावकाश विरघळणाऱ्या त्या गोळ्या तीव्र आम्लधर्मी असतात. पंप थांबला, की स्किमरमध्ये साचलेल्या थोड्याशा पाण्यात त्या विरघळत राहतात, आणि पंप पुन्हा सुरू होताच ते तीव्र पाणी एकदम प्लेट, पंपाचे सील आणि फिल्टर यांतून जाते. ते मागे क्लीनरच्या नळीत उतरले, तर रबरी पडदाही कडक होतो. त्याऐवजी गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवाव्यात, आणि क्लीनर चालू असताना तो डबा नळीत अडकणार नाही, अशा बेताने बांधावा. जास्त मात्रेचा क्लोरिन डोस दिला, तर पाण्यातली पातळी नेहमीसारखी होईपर्यंत क्लीनर बाहेरच ठेवावा.

दिवसभर जोडण्याबाबत असे, की व्हॅक्यूम प्लेट बसलेली असताना स्किमर पृष्ठभागावरचे पाणी जवळजवळ घेतच नाही. पाने, किडे, परागकण, तेलकट थर हे सगळे वर तरंगत राहते आणि शेवटी तळाशी जाऊन क्लीनरचे काम वाढवते. म्हणून क्लीनर दिवसातून दोन-तीन तास चालवावा आणि उरलेल्या वेळात स्किमरला त्याचे काम करू द्यावे. पंप टायमरवर असेल, तर क्लीनरची वेळ अशी ठेवावी, की त्या वेळी तलावात कोणीच नसेल.

हा शेवटचा मुद्दा सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. क्लीनर किंवा उघडे नळीतोंड चालू असताना कोणालाही, विशेषतः लहान मुलांना, पाण्यात उतरू देऊ नये. तलावात ओढीचे एकच तोंड असते तेव्हा पंपाची सगळी ओढ तिथे एकवटते आणि केस किंवा हाताचा तळवा त्यावर चिकटला, तर सोडवणे कठीण जाते. पंपाचा स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे.

शेवाळ मेल्यावर तळाशी जो पिठासारखा थर बसतो, त्यासाठी हा क्लीनर वापरू नये, हेही जोडतो. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचेच कण अडवतो, त्यामुळे तो थर फिल्टरमधून आरपार जाऊन पाणी गढूळ करतो. अशा वेळी फिल्टरची झडप 'वेस्ट'वर ठेवून, हाताच्या व्हॅक्यूम हेडने, अगदी सावकाश, गाळ सरळ बाहेर काढावा. त्यात पाणी भराभर कमी होते, म्हणून आधी पातळी थोडी वर घ्यावी आणि पाणी स्किमरच्या तोंडाखाली जाण्यापूर्वी थांबावे. झडप फिरवताना पंप नेहमी बंद असावा.

प्रतिसाद — वाळूचाफिल्टर

आपल्या परिसरात पाने बरीच पडत असतील, तर क्लीनर आणि स्किमर यांच्यामध्ये नळीवर बसणारा पारदर्शक पानांचा डबा जरूर लावावा. पाने तिथेच अडकतात, पंपाची टोपली भरत नाही, आणि डबा किती भरला हे काठावरून दिसते. तो लावल्यावर ओढ थोडी कमी होते, तेव्हा मापक लावून झडप पुन्हा जुळवावी.