बाकाखाली कागद चिकटवून मायकेलएंजेलो कळतो का?

गेरूपावडर (धागाकर्ता)

सहावी ते आठवीला युरोपातील प्रबोधनकाळाची कला शिकवायची म्हटलं की एक उपक्रम हटकून सुचवला जातो. बाकाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवा, मुलांना उताणं झोपवा, वर चित्र काढायला लावा. झालं सिस्टीन चॅपेल! मुलांना मजा येते, फोटोही छान निघतात. पण मायकेलएंजेलोने व्हॅटिकनमधल्या त्या चॅपेलचं छत (१५०८ ते १५१२) झोपून रंगवलंच नाही. तो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. त्या हालांवर त्याने कविता केली आणि शेजारी स्वतःचं उभं रेखाटनही काढून ठेवलं. म्हणजे हा उपक्रम चुकीची गोष्ट शिकवतो, तीही अंगवळणी पडेल अशी.

माझं मत: हातांनी करायलाच हवं, पण त्या काळच्या कारागिराला पडलेला प्रश्न मुलांनाही पडला पाहिजे. उदाहरणार्थ, ओल्या चुन्यावर रंगवणं, म्हणजे फ्रेस्को.

कोरी_पाटी

निदान बरोबर, औषध चुकलं. पस्तीस मिनिटांची तासिका, वर्गात पन्नास मुलं. चुना कालवण्यातच तासिका संपेल. त्यापेक्षा मसाच्चोचं 'त्रिमूर्ती' हे ख्रिस्ती भित्तिचित्र (सुमारे १४२७, फ्लोरेन्स) मोठं करून भिंतीवर लावा आणि वीस मिनिटं नुसतं बघू द्या. छताच्या रेषा कुठे मिळतात? खाली गुडघे टेकून बसलेले दोघे कोण, त्यांना देवाच्या चित्रात जागा का मिळाली? आश्रयदाता, पैसा, धर्म, सगळं तिथेच निघतं. हात रंगात बुडाले की डोळे मिटतात.

तिरकी_पट्टी

@कोरी_पाटी, रेषा 'कुठे मिळतात' हे बघून कळेल. चित्रात खोली दाखवताना आडव्या रेषांमधलं अंतर किती ठेवायचं, हे बघून कळत नाही. तिथेच खरी गंमत आहे.

ए३ कागद आडवा घ्या. खाली मधोमध २४ सेंमीची रेषा, तिचे तीन-तीन सेंमीचे आठ भाग. मध्यापासून १५ सेंमी वर एक बिंदू, तीच क्षितिजाची पातळी. सगळे भाग त्याला जोडा. आता मुलांना सांगा, फरशीच्या आडव्या रेषा अंदाजाने काढा. बरीच मुलं प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या ठरावीक पटीत लहान करत नेतील. प्रत्येक ओळ आधीच्या दोन तृतीयांश करणाऱ्या चित्रकारांची चूक आल्बेर्ती या इटालियन कलाविचारकाने १४३५ मध्येच दाखवली होती. पहिली ओळ २ सेंमी धरली, तर या हिशेबाने कितीही ओळी काढा, फरशी ६ सेंमीच्या वर चढतच नाही. क्षितिज मात्र १५ वर!

मग बरोबर रीत. (आल्बेर्तीने बाजूने वेगळी आकृती काढली होती, ही त्याहून सोपी.) मधल्या बिंदूच्या पातळीतच उजवीकडे २० सेंमीवर दुसरा बिंदू घ्या. खालच्या डाव्या टोकापासून त्याला एक तिरकी रेषा. ती जिथे जिथे मधल्या बिंदूला जोडलेल्या रेषांना छेदते तिथे आडव्या रेषा काढा. ओळी साधारण २, १.५, १.२ सेंमी येतात आणि आठवी तळापासून ८.२ सेंमीवर संपते. अंदाजाच्या फरशीवर कोपऱ्यांतून पट्टी ठेवली की कर्ण वाकडा निघतो. शिक्षकाला लाल शेरा मारावाच लागत नाही.

साहित्य पट्टी, पेन्सिल. एक तासिका. अट एकच: टोक बारीक हवं, नाहीतर दूरच्या ओळी एकमेकींवर चढतात.

कोरी_पाटी

हे मान्य. पण ही भूमिती झाली, गणिताच्या तासाला घ्या! धाग्याचा विषय चुना आहे.

गेरूपावडर

घ्या चुना. कळीचा चुना शाळेत आणायचाच नाही; पाण्यात तो उकळतो. विरी गेलेला (पाणी घालून शमवलेला), मुरवलेला मऊ चुना १ भाग, चाळलेली वाळू २ भाग. १५ सेंमीची बिनचकाकीची मातीची फरशी तासभर पाण्यात बुडवायची. कोरडी राहिली तर ती गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि तडे जातात. थर ५ मिमी. गिलावा बोटाला चिकटेनासा झाला की फक्त पाण्यात कालवलेला गेरू, रामरज (पिवळी माती), कोळसा. डिंक नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्यातच अडकतो. उशीर झाला तर रंग भुकटीसारखा हाताला लागतो.

एका वाटीत मुद्दाम हळद ठेवा. ओल्या चुन्यावर ती लाल होते. कुंकू असंच करतात. वाटेल तो रंग ओल्या चुन्यावर का चालत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अर्धवट

@गेरूपावडर, हातमोजे आणि चष्मा हे दोन शब्द तुमच्या कृतीत नाहीत. विरी गेलेला चुनासुद्धा तीव्र अल्कली असतो, डोळ्यात गेला तर इजा होते. गिलावा मोठ्यांनीच लावावा, मुलांनी लांब दांड्याच्या ब्रशने रंगवावं. डोळ्यात उडालाच तर भरपूर साध्या पाण्याने सतत धुवायचं आणि लगेच डॉक्टर. घरगुती उपाय नकोत.

आणि चुना टाळायचा म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. ते जिप्सम आहे. पाणी घेऊन काही मिनिटांत घट्ट होतं. रंग कोरड्यावरच बसतो आणि मुलांना वाटतं फ्रेस्को झाला.

गेरूपावडर

चष्मा राहिला, चूक माझी. प्लास्टरबद्दल मात्र उलटं म्हणेन: फरक दाखवायला एक फरशी तीही करा. लिओनार्दोने मिलानमधलं 'शेवटचं भोजन' कोरड्या गिलाव्यावरच काढलं. त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवायचा होता. तो हयात असतानाच त्याचे पोपडे निघू लागले. अजिंठ्यालाही रंग कोरड्या पृष्ठभागावरच, पण चिकट द्रव्यात कालवून दिलेत. सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात ते चूक. दोन्ही फरशा आठवड्याने ओल्या फडक्याने पुसा, मग बोला.

कोरी_पाटी

पुसू. पण पन्नास मुलांना पन्नास फरशा नकोत, पाचांच्या गटाला एक. बाकीचे चार जण त्या वेळी 'शेवटचं भोजन'चं चित्र समोर ठेवून रेषा ताणतील आणि त्या ख्रिस्ताच्या कानशिलाशी कशा मिळतात ते शोधतील. तिथे भिंतीत खिळ्याचं भोक आहे, हे आधी सांगायचं नाही.