अनुभव धागा : शिकवण्याचा हुरूप कुठून येतो?

नवे सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात, कूलरसमोर बसून गेल्या वर्षीच्याच टिपणांवर नवी तारीख टाकताना, हे सगळे आपण कशासाठी करतो हा प्रश्न मला हमखास पडतो. नागपुरात महाविद्यालयांत शिकवणाऱ्या किंवा शिकवून निवृत्त झालेल्या सर्वांना विनंती आहे, की हुरूप देणारा एखादा प्रसंग येथे लिहावा. ‘विद्यार्थी हेच आमचे दैवत’ या धर्तीची वाक्ये निरोप समारंभासाठी राखून ठेवावीत.

भूगोल
द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी सीताबर्डीजवळच्या झिरो माइलच्या स्तंभापाशी नेतो. हा देशाचा मध्यबिंदू आहे, असे प्रत्येक जण ऐकून आलेला असतो. प्रकरण तितके सरळ नाही, एवढे सांगून मी १८०२ साली मद्रासहून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय मोजणीची हकीकत ऐकवतो. दोन वर्षांपूर्वी, मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, असे नेहमीच्या ओघात म्हणून मी पुढे निघालो, तेव्हा एरवी हजेरीपुरतेच बोलणारी एक मुलगी म्हणाली, “सर, हिंगणघाट म्हणजे आमचंच?” पुढच्या सोमवारी ती कबरीचा ठावठिकाणा विचारून आली होती, आणि घरापासूनचे अंतर पावलांनी मोजून तिने वहीत कच्चा नकाशाही काढला होता. त्यात उत्तर दिशा चुकली होती. ती दुरुस्त करण्यात आमचा अर्धा तास गेला. लॅम्बटनचे ते वाक्य मी बारा वर्षे सांगत आलो होतो. बसने दोन तासांवर असलेल्या त्या गावी मात्र एकदाही उतरलो नव्हतो.

गणित
मी तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात पोहोचण्यात पेट्रोल जाते आणि मानधन परीक्षा उलटून गेल्यावर येते, म्हणून ‘ध्येय’ हा शब्द मी जपून वापरते. एका मुलाने विचारले, की शून्याने भागता का येत नाही. “व्याख्याच तशी आहे,” असे मी ठोकून दिले. संध्याकाळी गोकुळपेठ बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून सुट्या पैशांची वाट पाहताना ते उत्तर मला डाचू लागले. सहाला शून्याने भागून काही उत्तर येत असेल, तर त्या उत्तराला शून्याने गुणल्यावर सहा यायला हवेत, आणि तशी संख्याच नाही. शून्याला शून्याने भागावे, तर उलट वाटेल ती संख्या बरोबर ठरते. हे मला ठाऊक होते, सांगण्याचा कंटाळा केला होता. दुसऱ्या दिवशी आधी चूक कबूल केली, मग हे फळ्यावर मांडले, आणि त्या तासाला शेवटच्या बाकावरूनही प्रश्न आले. मानधन अजून आलेले नाही.

मराठी
भंडाऱ्याकडचा एक विद्यार्थी बोलताना तोंडून ‘मी जाऊन राहिलो’ निघाले की ओशाळून थांबत असे. मराठीतले आद्य गद्य महानुभावांनी रिद्धपूरला, म्हणजे शेजारच्या वऱ्हाडातच लिहिले, असे मी त्याला भर वर्गात सांगितले. तो म्हणाला, “मंग त्यायले कोणी हासत नव्हते का?” मला उत्तर सुचले नाही, वर्ग मात्र हसला, आणि तोही हसला.

रसायनशास्त्र, निवृत्त
अंबाझरीच्या काठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळीत परवा प्रश्न निघाला, की मे महिन्यात खोली गार करणारा कूलर पावसाळ्यात नुसती चिकचिक का करतो. हवेत आधीच ओलावा असला, की पाण्याची वाफ होण्याचा वेग मंदावतो आणि त्या वाफेबरोबर जाणारी उष्णता जात नाही, हे मी वाळूवर काडीने रेघोट्या ओढून समजावले. हजेरी घ्यावी लागली नाही. उद्या मडक्याचा विषय घ्यायचे ठरले आहे.